चोवीस तास दरवळ

मामेभावाने इंजिन बंद केलं आणि हनुवटीनेच खूण केली, खाली बघ म्हणून.

सिंधुदुर्गाच्या तटाच्या आडोशाला, खडकांजवळ, सात-आठ होड्या नांगर टाकून उभ्या होत्या. मधल्या पाण्यात नारिंगी जॅकेटं घातलेली तीस-चाळीस माणसं तोंडं खाली घालून तरंगत होती. मे महिना, अकरा वाजून गेलेले, वारा पार पडलेला. त्यांच्या आणि आमच्या मधल्या पाण्यावर एक पातळ साय पसरली होती. मला आधी वाटलं, डिझेल. पण डिझेलची साय मोरपिशी असते, उन्हात रंग बदलते. ही दुधट होती, आणि तिला वास होता. खोबरं, व्हॅनिला आणि आणखी काहीतरी.

"ताय, ह्या डिझेल न्हय," तो म्हणाला. "ह्या तुमचा क्रीम."

तुमचा म्हणजे मुंबईकरांचा, एवढंच त्याला म्हणायचं होतं. मला मात्र ते जरा जास्त लागलं. मी अकरा वर्षं एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. उन्हाचं क्रीम माझ्या विभागात नव्हतं, माझ्याकडे शॅम्पू होते. पण त्या सायीतलं "आणखी काहीतरी" माझ्या नाकाने लगेच ओळखलं.

"येतत, थापतत आणि उडये मारतत," भाऊ म्हणाला. दर हंगामात हे बघून त्याच्या बोलण्यातला रागसुद्धा आता झिजलाय. खरं म्हणजे त्यालाही फार बोलायला तोंड नाही. मासे जमावेत म्हणून तो स्वतः पाव कुस्करून पाण्यात टाकतो, आणि त्याचा नांगर कुठे पडतो ते त्यालाही दर वेळी दिसत नाही. पर्यटक मासे बघायचे पैसे देतो. मासे दिसले नाहीत तर दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या होडीत बसतो.

मालवणला पोवळी आहेत हे मालवणात जन्म काढलेल्या कित्येकांना ठाऊक नसतं. पोवळं म्हटलं की अंगठीतला लाल खडा आठवतो, नाहीतर टीव्हीवरचं निळंशार ऑस्ट्रेलिया. इथली पोवळी तशी नाहीत. कणीक मळून झाकून ठेवावी तसे तपकिरी-हिरवट गोळे, कुठे कानाच्या पाळीसारखे पापुद्रे, आणि त्यावर गाळाची पूड. पोराइट्स, टर्बिनेरिया, फेविटेस अशी त्यांची नावं. पावसाळ्यात नद्यांचं लाल पाणी येतं, मीठ उतरतं, उजेड नाहीसा होतो, आणि तरीही ती टिकून राहतात. १९८७ साली इथला २९.१२ चौरस किलोमीटरचा पट्टा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मच्छीमारांचा त्याला विरोध होता, तो अजून मिटलेला नाही. पोवळी बांधणारे हे जीव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदावर वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. वाघाच्या अंगावर क्रीम धुण्याची सोय अजून कुणी काढलेली नाही, एवढाच फरक.

पोवळं हा प्राणी. त्याच्या पेशींच्या आत सूक्ष्म शैवालं राहतात, ती उन्हावर साखर करतात आणि घरभाडं म्हणून त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हा संसार मोडतो. शैवालं बाहेर पडतात, पोवळं पांढरं पडतं, आणि पाणी लवकर निवलं नाही तर उपाशी मरतं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जगभर एकाच वेळी असं होण्याची ही चौथी खेप आहे. त्याच उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपची पोवळीही पांढरी पडली. मालवणनेही पांढरी पडलेली पोवळी पाहिली आहेत. हे मी आधीच सांगते, कारण पुढे मी क्रीम आणि शॅम्पूबद्दल बोलणार आहे, आणि वाचून कुणाला वाटायला नको की बाटली बदलली म्हणजे समुद्र वाचला. पोवळ्यांना मारतंय ते मुख्यतः तापलेलं पाणी. बाकीचं सगळं म्हणजे आजारी माणसाच्या उशाशी घातलेला गोंधळ.

पण गोंधळही मोजावा लागतो.

२०१५ च्या शेवटी हवाई आणि व्हर्जिन बेटांवरच्या पाण्याबद्दल एक शोधनिबंध आला आणि क्रीमवाल्यांची झोप उडाली. उन्हापासून वाचवणाऱ्या क्रीममधलं ऑक्सिबेन्झोन नावाचं रसायन पोवळ्यांच्या पिल्लांना विद्रूप करतं, असं त्यात होतं. ही पिल्लं जन्मल्यावर काही काळ पोहत असतात, मग एखादी जागा धरून बसतात आणि तिथे सांगाडा बांधतात. ऑक्सिबेन्झोनमध्ये ठेवलेली पिल्लं पोहता पोहताच स्वतःभोवती सांगाडा बांधायला लागली, म्हणजे आपल्याच पेटीत गाडली गेली. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं ते कंपनीच्या कँटीनमध्ये, समोर पोह्यांची बशी होती. पोहे तसेच राहिले असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मी ते संपवले. तेव्हा मला तो दुसऱ्या विभागाचा प्रश्न वाटला होता.

त्या निबंधावर टीकाही भरपूर झाली. व्हर्जिन बेटांवरच्या एका गजबजलेल्या खाडीत त्यांना लिटरमागे मिलिग्रॅमभर ऑक्सिबेन्झोन मिळालं होतं, आणि इतर बहुतेकांना इतर किनाऱ्यांवर त्याच्या कितीतरी पट कमी मिळालं. तरी कायदे झाले. हवाईने २०१८ मध्ये ऑक्सिबेन्झोन आणि तसंच ऊन अडवणारं ऑक्टिनोक्सेट असलेली क्रीमं विकायला बंदी केली, ती १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली. पलाऊ नावाचा चिमुकला देश त्याच्या वर्षभर आधीच दहा रसायनांवर बंदी घालून बसला होता. तिथल्या एका तळ्यात लाखो सोनेरी जेलीफिश आहेत, लोक त्यांच्यात पोहायला जातात, आणि त्या तळ्यात क्रीमची रसायनं सापडली होती. थायलंडने २०२१ मध्ये आपल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत चार रसायनांवर बंदी आणली.

मग २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी या गोष्टीतली खरी गंमत शोधून काढली. गंमत हा शब्द चुकीचा आहे, पण रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला दुसरा सुचत नाही. ऑक्सिबेन्झोन उन्हातले अतिनील किरण गिळतं आणि त्यांची उष्णता करून सोडून देतं. तेवढंच त्याचं काम, छत्रीचं. त्यांनी समुद्रफुलांना, म्हणजे पोवळ्यांच्या चुलत भावंडांना, अशा पाण्यात ठेवलं. नकली उन्हात ती सगळी सतरा दिवसांत मेली. अतिनील किरण नसलेल्या उजेडात तेच पाणी, तेच रसायन, आणि ती जगली. म्हणजे विषाला ऊन लागत होतं. का? तर परकं रसायन अंगात शिरलं की प्राण्याचं शरीर त्याला साखरेचा रेणू जोडतं, म्हणजे ते पाण्यात विरघळून बाहेर टाकता येतं. आपलं यकृतही असंच काहीसं करतं. पण साखर जोडलेलं ऑक्सिबेन्झोन छत्रीचं काम विसरतं. ते किरण गिळतं आणि उष्णतेऐवजी पेशी जाळणारे रेणू तयार करायला लागतं. प्राण्याने स्वतःला वाचवायला जे केलं, त्यानेच छत्रीची शेगडी झाली.

याच प्रयोगाचं दुसरं टोक मला जास्त छळतं. पोवळ्याच्या पोटातली शैवालं हे साखरवालं विष स्वतःकडे साठवून यजमानाला वाचवतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे पाणी तापून शैवालं आधीच निघून गेली असतील, तर क्रीम आणखी जिव्हारी लागणार. उशाशी घातलेला गोंधळ म्हटलं ते यासाठी.

क्रीमवाल्यांनीही मग रंग बदलला. डब्यांवर पोवळ्यांची चित्रं आली आणि "रीफ सेफ", म्हणजे पोवळ्यांना निर्धोक, असं लिहून आलं. या दोन शब्दांना कायद्यात काही अर्थ नाही, ज्याला छापायचे त्याने छापावेत. ऑक्सिबेन्झोनऐवजी झिंक ऑक्साइड बरं म्हणतात, पण त्याचे अतिसूक्ष्म, लेप न दिलेले कणही पोवळ्यांना सोसत नाहीत असं दिसलेलं आहे. आणि "पाण्यात टिकणारं" हे तर आमच्या धंद्यातलं लाडकं विशेषण. युरोपातल्या पद्धतीत ते असं ठरतं: माणसाला क्रीम लावून टबात बसवायचं, वीस वीस मिनिटांच्या दोन डुबक्या, आणि नंतर निम्मं संरक्षण उरलं तरी ते पास. उरलेलं निम्मं कुठे गेलं हे त्या फॉर्मवर विचारलेलं नसतं. टबातलं पाणी सोडून देतात.

भावाला मी म्हटलं, लोकांना पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालायला सांग, ऊनही लागणार नाही आणि क्रीमही लागणार नाही. तो हसला. टी-शर्ट घालून फोटो चांगला येत नाही म्हणे. हवाईतल्या गोऱ्या माणसाला निदान कातडीच्या कर्करोगाची भीती असते, ती खोटी नाही. आमच्याकडे क्रीम थापलं जातं ते काळं पडू नये म्हणून. दोन दिवस समुद्रावर जायचं, आणि समुद्रावर गेलो होतो असं दिसता कामा नये.

असो. क्रीमवर एवढं लिहूनही मला वाटतं की क्रीम हा सोपा आरोपी आहे. तो सुट्टीतला आहे, दिसतो, त्याची साय येते, त्याचा फोटो काढता येतो. त्याच्यावर बंदी घालणाऱ्याला मतं कमी पडत नाहीत, कारण क्रीम लावणारे पाहुणे असतात. उरलेलं सगळं घरात घडतं, मोरीच्या जाळीखाली, आणि त्यात माझा हात आहे.

आमच्याकडे एक चाचणी होती. माणसाच्या केसांचे झुबके विकत मिळतात, ठराविक वजनाचे, एका टोकाला डिंकाने पक्के केलेले. आम्ही त्यांना स्वॉच म्हणायचो. कोमट पाण्याची धार, मोजून शॅम्पू, मोजून चोळणं, मोजून धुणं, आणि मग स्वॉच हुकाला टांगायचा. पहिल्या तासाला हुंगायचा, चौथ्या, आठव्या आणि शेवटी चोविसाव्या. पाच म्हणजे आत्ताच न्हायल्यासारखं, शून्य म्हणजे नुसते केस. आम्ही सहा जणी हुंगायला असायचो. नाक थकलं की स्वतःच्या कोपराचा वास घ्यायचा, म्हणजे ते ताळ्यावर येतं. कॉफीच्या बिया वगैरे दुकानातले चोचले. आमच्यातल्या एकीला एक ठराविक वास मुळीच यायचा नाही, ती चोविसाव्या तासाला हटकून शून्य लिहायची आणि साहेब वैतागायचे. तशी माणसं असतात, काहींना कस्तुरीचा एखादा प्रकार नाकालाच लागत नाही.

चोविसाव्या तासाला सरासरी तीन आली की मार्केटिंगची मंडळी बाटलीवर "चोवीस तास दरवळ" छापायला मोकळी. अकरा वर्षं मी त्या तीनच्या मागे धावले.

लिंबू, पुदिना, फुलं हे सगळं पहिल्या तासाचं. हलके रेणू असतात, उडून जातात. शेवटी उरतो त्याला सुगंधवाले ड्रायडाउन म्हणतात, आणि तो बहुतेक वेळा कस्तुरीचा असतो. अर्थात हरणाच्या नाभीतली नव्हे. १८८८ साली आल्बर्ट बाउर नावाचा जर्मन रसायनज्ञ टीएनटीच्या जातीची स्फोटकं करता करता एका पदार्थाशी अडखळला, तो फुटला नाही, पण त्याला कस्तुरीचा वास होता. तिथून नकली कस्तुरीची घराणी सुरू झाली. तिने कस्तुरीमृगांचे किती जीव वाचवले असतील, हेही खात्यात जमेच्या बाजूला लिहायला हवं. पुढे ती साबणात आली, कपड्यांच्या पावडरीत आली, शॅम्पूत आली. स्वस्त, आणि न हटणारी.

न हटणारी का, तर तिचे रेणू जड असतात आणि त्यांना पाण्यापेक्षा तेल प्रिय असतं. केसाला, कपड्याला धरून राहतात. पण शॅम्पू हे धुऊन टाकायचं उत्पादन. दोन मिनिटांत फेस मोरीत. बाटलीत घातलेल्या सुगंधातला थोडासाच केसाला लागतो, बाकी सगळा पाण्याबरोबर जातो, आणि तेलाची ओढ असलेला तो रेणू पुढे जिथे चरबी दिसेल तिथे बसतो. चरबी माशांना असते, शिंपल्यांना असते. १९८१ मध्येच टोकियोजवळच्या तामा नदीतल्या माशांत मस्क झायलीन नावाची नकली कस्तुरी सापडली होती. २०११ मध्ये युरोपीय संघाने परवान्याशिवाय वापरायला मनाई असलेल्या रसायनांची यादी करायला घेतली, तेव्हा पहिल्याच सहांत मस्क झायलीन होतं. त्याचा गुन्हा काय लिहिला होता? अति टिकाऊ आणि अंगात अति साठणारं. ज्या गुणासाठी आम्ही पुरवठादाराला जास्त भाव देत होतो, तोच गुण तिकडे आरोपपत्रात होता. त्याच्या जागी नव्या पिढीची कस्तुरी आली. तीही पाण्यात, गाळात आणि माशांत मिळते.

विष म्हणून ती फारशी जहाल नाही, तिने मासे उलटे तरंगत नाहीत. पण २००५ साली कॅलिफोर्नियात शिनाण्यांच्या, म्हणजे एका जातीच्या शिंपल्यांच्या, कल्ल्यांवर एक प्रयोग झाला. शिनाणे दिवसभर समुद्र गाळत बसतात, त्यामुळे त्यांच्या कल्ल्यांच्या पेशींना द्वारपाल असतात. नको ते रसायन आत आलं की ते ढकलून बाहेर काढतात. कस्तुरीने हे द्वारपाल झोपवले. अवघ्या दोन तासांत. मग स्वच्छ समुद्राचं पाणी दिलं, तरी चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनंतरही द्वारपाल पुरते जागे झाले नव्हते. चोवीस तास. हा आकडा वाचला तेव्हा मी नोकरी सोडून चार वर्षं झाली होती आणि तरीही मनात पहिला विचार आला तो, बाटलीवर छापता येईल, असा.

जंतू मारणाऱ्या साबणाची गोष्टही याच वळणाची. ट्रायक्लोसान १९७० च्या दशकात शस्त्रक्रियेआधी हात धुवायच्या साबणात आलं, आणि पुढे घराघरांत, टूथपेस्टमध्ये, दुर्गंधीनाशकात. घरच्या साबणाने हात धुणाऱ्याला साध्या साबणापेक्षा याचा जास्त फायदा होतो हे कंपन्यांना दाखवता आलं नाही, म्हणून २०१६ मध्ये अमेरिकेने अशा साबणांतून ते काढायला लावलं. समुद्रातल्या शैवालांना ते सोसत नाही. सांडपाण्यातले जीवाणू त्याला आणखी एक कडी जोडून मेथिल-ट्रायक्लोसान करतात, ते मूळच्यापेक्षा जास्त तेलकट, जास्त साठणारं. २००९ साली छापलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या बंदरात पोहणाऱ्या १३ डॉल्फिनांचं रक्त तपासलं होतं, चौघांच्या रक्तात ट्रायक्लोसान मिळालं. आपल्याकडे कावेरी, वेल्लार आणि ताम्रपर्णी या नद्यांच्या पाण्यात ते मिळालेलं आहे. देवबागच्या खाडीच्या तोंडाशी डॉल्फिन दाखवायला होड्या जातात. त्यांचं रक्त कुणी काढायचं?

मी राहते वांद्रे पूर्वेला. माझ्या मोरीचं पाणी वांद्र्याच्या सांडपाण्याच्या केंद्रात जातं. तिथे वर्षानुवर्षं काय होत आलं, तर जाळ्या लावून कचरा काढायचा, वाळू खाली बसू द्यायची, आणि उरलेलं समुद्राखालच्या बोगद्यातून साडेतीन-पावणेचार किलोमीटर आत नेऊन सोडायचं. वरळीचं तसंच. जाळीला कस्तुरी अडकत नाही. आता मुंबईत सात नवी केंद्रं बांधायचं काम चालू आहे, रोजच्या २४६४ दशलक्ष लिटरांची क्षमता, आणि तिथे जीवाणूंकडून पाणी शुद्ध होईल. होईल ते चांगलंच. त्यात ट्रायक्लोसानचा आणि कस्तुरीचा मोठा भाग पाण्यातून निघतोही. निघतो आणि गाळात बसतो. गाळाचं काय करायचं हा पुढचा कागद.

ओहोटीला वांद्र्याच्या खडकांवर कालवं काढणाऱ्या बायका दिसतात. कोयतीच्या एका फटक्यात कवच उघडतात. कधीकाळी मी त्यांच्याकडून घेत असे. हल्ली घेत नाही, आणि का घेत नाही ते त्यांना सांगतही नाही. माझ्याच घरचं पाणी पिऊन वाढलेला माल मी नाकारते आहे, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

अशा वेळी आपल्याकडे हमखास आजी मदतीला धावून येते. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, उटणं. आजीचं न्हाणं पवित्र आणि आमचं पापी. मीही हे लिहिणार होते. मग आठवलं की रिठा माशांना मारतो. रिठ्याचा फेस ज्या सॅपोनिनांनी होतो, ती माशांचे कल्ले नासवतात. मामा लहानपणीच्या गोष्टी सांगायचा त्यात व्हाळाच्या कोंडीत गेळफळं ठेचून टाकायची आणि मासे वर आले की टोपलीने भरायचे, हे असायचंच. तेही सॅपोनिनच. आजही मत्स्यशेतीवाले तळ्यात बीज सोडायच्या आधी नको असलेले मासे मारायला मोहाची पेंड टाकतात, हेक्टरी अडीच टनांच्या आसपास. तळं मरून जातं. पण दोन-तीन आठवड्यांत ते विष कुजून खत होतं, आणि त्याच पाण्यात पिल्लं सोडतात.

मला या पेंडीचा हेवा वाटतो. रसायन आजीचं की कारखान्याचं, यात काही नाही. जहालपणात रिठा आमच्या कस्तुरीला हसत मागे टाकेल. फरक एवढाच की रिठ्याला मरता येतं. शिवाय आजी न्हायची आठवड्यातून एकदा, आणि मामाच्या घरी न्हाणीचं पाणी पन्हळीतून सरळ माडाच्या मुळाशी जायचं. माड, त्याच्या बुंध्याशी अळू, दोन केळी. समुद्र घरापासून चारशे पावलांवर होता, पण न्हाणीचं पाणी तिथवर कधी पोचलंच नाही.

आता पन्हळ बुजवली आहे. भावाने मागे चार खोल्या बांधल्यात, प्रत्येकीला संडास-बाथरूम, आणि सगळ्यांना मिळून एक शोषखड्डा. खाली वाळू. वाळूत पाणी किती लवकर शोषलं जातं याचं त्याला कौतुक आहे. प्रत्येक खोलीत त्याने पाहुण्यांसाठी साबणाची वडी आणि शॅम्पूची पुडी ठेवलेली असते, टॉवेलवर कागदी फुलासारखी मांडून.

होडीतल्या त्या सायीच्या दुसऱ्या दिवशी मी घरीच होते. मामी अकराच्या सुमाराला न्हाऊन आली आणि केस पसरून ओसरीवर बसली. सत्तरी उलटली तरी केस कमरेपर्यंत आहेत. मी विचारलं, "मामी, शिकेकाय सोडलंस?"

"शिकेकाय कोण वाटीत बसतला आता?" ती म्हणाली. "ही पुडी घेतलंय झिलाची. वास बरो येता गो."

पुडी तिने खिडकीच्या दांडीत खोचून ठेवली होती, निम्मी उरलेली, तोंड दुमडून. मी बघितली. जुन्या कंपनीची होती. वास माझ्या काळातला असावा, नंतर थोडा बदललेला. मागच्या बाजूला घटकांची यादी मुंगीच्या अक्षरांत, आणि शेवटच्या ओळीत "परफ्यूम" हा एकच शब्द. त्या एका शब्दाखाली तीस-चाळीस रसायनं असू शकतात, मला त्यातली निम्मी तोंडपाठ होती. मामीला काय सांगू? तुझ्या एका पुडीने समुद्राचं काही बिघडत नाही, हे खरं आहे. माझ्या हातून पास झालेल्या लाखो पुड्यांनी बिघडलं असेल, हेही असू शकतं. यातलं कुठलंच ओसरीवर बसून बोलण्यासारखं नव्हतं. मी तिची वेणी घातली.

संध्याकाळी दिवे लागले. मामी तुळशीशी पणती ठेवून आत आली आणि माझ्या अंगावरून देवघराकडे गेली. उदबत्ती अजून लावायची होती, घरात माशांच्या तळणीचा वास भरलेला. त्या सगळ्यातून तो आला. लिंबू गेलेलं, फुलं गेलेली, खालचं ऊबदार, पिठूळ, न हटणारं तेवढं उरलेलं. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले होते. आठवा तास.

"चार," माझ्या तोंडून गेलं.

मामी वळली. "काय गो चार?"

"काय नाय, मामी."